वधूच्या खोलीची कडी

२५ जुलै, गुरुवार

आज माझी पार फजिती! खाडीचं पाणी घरात शिरलं म्हणून पांडेसऱ्यातल्या चाळींमधली खानदेशी कुटुंबं समाजाच्या वाडीत आणून ठेवलीत. एरवी इथे लग्नं लागतात. बायका-मुलींचं बघायला मला धाडलं — बँकेतून निवृत्त, हाताशी वेळ, आणि तोंडही चालतं. मी उत्साहाने सॅनिटरी पॅडांचं खोकं उघडलं आणि भर हॉलमध्ये आवाज दिला, "घ्या गं, लाजू नका!" पुरुष छताकडे बघायला लागले. एक बाई उठेल तर शपथ.

प्रभाकर म्हणाले, "रजनी, लाउडस्पीकर नव्हता का?" नवरा असावा तर असा!

२६ जुलै

खोकं बायकांच्या न्हाणीघरात ठेवून आले, काही न बोलता. संध्याकाळी निम्मं रिकामं.

२८ जुलै, रविवार

बायका पाणीच पीत नाहीत. ओठ सुकलेत, तरी पेला पुढे केला की मान हलवतात. धुरपदाबाई म्हणून एक आजी आहेत, अमळनेरकडच्या. त्यांच्यावर मी चिडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी पी टाकं की जानं पडस, ताई. तठे कडी नही."

संडासाला आतून कडी नाही! आजी आत गेल्या की नात जयश्री बाहेरून दार धरून उभी राहते. नववीतली पोर, आई नाही. तिला परवा इथेच पहिल्यांदा पाळी आली. आणि मी इतके दिवस बिस्किटांचे पुडे वाटत हिंडत होते. स्वतःचाच राग आला.

३० जुलै

कड्या बसल्या. सुतार म्हणाला उद्या, मी म्हटलं आत्ता.

आणि दुसरी लढाई! वाडीत वधूपक्षाची एक खोली आहे — आतून भक्कम कडी, आतच मोरी. कुलूप लावलेलं. "डेकोरेशननो सामान छे, बेन," ट्रस्टी म्हणाले. मी म्हटलं, भाई, कागदी फुलं बाहेर झोपतील, मुली आत. तिथेच खुर्ची टाकून बसले. शेवटी चावी मिळाली. आज सगळ्या मुली तिथे झोपणार. मंगलाबाई दाराशी अंथरूण टाकणार आहेत. जयश्रीच्याच चाळीतल्या त्या, साड्यांना खडे लावतात. अंगाने दणकट, घोरतातही तशाच. कोणाची टाप आहे आत यायची!

२ ऑगस्ट

जयश्रीचं लग्न ठरवताहेत. चौदा वर्षांची पोर! मंगलाबाईंनी कानात सांगितलं. जयश्री पाण्यात भिजलेलं विज्ञानाचं पुस्तक पंख्याखाली वाळवत बसली होती, एकेक पान सोडवत.

४ ऑगस्ट, रविवार

बापाला गाठलं. सुपडू, डाईंग मिलमधला, हातांना निळा रंग मुरलेला. मी कायदा सांगितला, पोलिसांचं नाव काढलं, "शरम नाही वाटत?" असंही म्हणाले. चारचौघांत!

संध्याकाळी कळलं — त्यांच्या कानबाई देवीचा सण उरकला की बारा तारखेच्या सोमवारीच तो पोरीला गावी नेणार आहे, मामाकडे, बघायला पाहुणे येणार आहेत. आधी दिवाळीनंतरचं बोलणं होतं. माझ्यामुळे अलीकडे आलं.

रजने, तुझी जीभ!

६ ऑगस्ट

माफी मागायला गेले. सुपडू पायरीवर बसला होता. मग म्हणाला, "माले राते मिलमा जानं पडस. खोलीनं दार सडी गयं. माय म्हतारी. पोरले कोण देखी, ताई?"

पोलीस बोलावता येतील, वेळ आली तर बोलावेनच. पण ते बोलावून पोरीची भीती जाणार नाही आणि त्याचीही. तिच्यासारखाच तोही घाबरलाय, हे मला दिसलंच नव्हतं.

७ ऑगस्ट

मंगलाबाईंना सगळं सांगितलं. त्या खडे चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "चाळीत परतल्यावर माझ्या माडीवर झोपतील पोरी. सगळ्याच. त्यात काय!" असं म्हणाल्या, जशी चटणी वाटून द्यायची आहे. मग आपणच उठून सुपडूला सांगायला गेल्या. त्याने ऐकलं. हो नाही, ना नाही.

माडीच्या दाराला कडी मी आणणार. वधूच्या खोलीसारखीच, जाड.

९ ऑगस्ट, नागपंचमी

उद्या रोटांचे गहू काढायचे, परवा कानबाई बसणार. वाडीतच! धुरपदाबाईंनी मला रीत सांगितली — घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याचेच रोट, प्रसादाच्या जाड पोळ्या. "आणि जयश्रीच्या नावाचे?" मी विचारलं. पोरींचे नसतात म्हणे, त्या परक्या घरच्या. मी विषय बदलायला म्हटलं, "बरं, मला तरी एक रोट ठेवा प्रसादाचा!" मंगलाबाईंनी कोपराने ढोसलं — रोट घरच्यांशिवाय कोणाला देत नाहीत. पुन्हा फजिती!

सुपडूने सोमवारची तिकिटं काढली आहेत. जयश्रीने दप्तर भरून ठेवलंय. कपडे नाही, दप्तर! मला ते बघवेना, मी रिक्षा करून घरी आले आणि प्रभाकरांसमोर रडले. त्यांनी या वेळी टोमणा मारला नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

वधूच्या खोलीत धुरपदाबाई सूप घेऊन बसल्या. सुपडूच्या नावाची सव्वा मूठ सुपात पडली. घरात पुरुष तो एकटाच. सूप उचलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला. "हाई मनी नातना नावनी."

सुपडू दारात उभा. आईकडे बघितलं, मग पोरीकडे.

"मूठ भरीसन ले, माय," तो म्हणाला. "पोर आपला घरनी शे."