उलट्या पात्याचं रंगकाम

तीर्थरूप दाजी,

आधी तुमच्या गुडघ्याला नमस्कार, मग तुम्हाला. (ताई लिहिते, घरात हल्ली त्याचंच चालतं.) इकडे सगळे ठीक, म्हणजे बाकीचे ठीक, माझी झोप उडालीय.

तुमच्या शब्दावर तुमच्या मेडिकल कॉलेजनं मला खांद्याच्या पात्याच्या हाडाचे बारा प्लास्टरचे नमुने करायला दिले. दुकानांच्या पाट्या रंगवत रंगवत पुतळ्यांचा कारखाना उभा केलेला माणूस मी, एका हाडाला घाबरतो काय? तिथल्या सरांनी कागद दिला: स्नायू सतरा, सुरू होतो तिथे लाल, येऊन चिकटतो तिथे निळा, क्रम वरून खाली. आता हाड त्रिकोणी. त्रिकोणी वस्तू बुडावर बसते आणि शेंडा वर असतो, हे मी जन्मभर धरून चाललोय. तसंच रंगवलं. बारा खोकी कॉलेजात तुमच्या ताब्यातल्या कपाटात पोचली, अजून बांधलेलीच असतील. तेरावा नमुना तिथेच डॉक्टरकी शिकणाऱ्या लेकीला दिला. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा. पंधरा दिवस ती त्यावर बोट ठेवून घोकतेय आणि मी पलीकडच्या खोलीत ऐकून फुगतोय.

काल माझी मान धरली. मालिशवाल्यानं पात्याच्या वरच्या कोपऱ्यात अंगठा रोवला. म्हणाला, "मालक, मानेची दोरी इथे बांधलेली असते." मी कान टवकारले. लेक तर मानेचा स्नायू खाली सांगते! घरी येऊन नमुना पाठीला लावून आरशात पाहिलं (बायकोनं मुकाट्यानं दार लोटून घेतलं). दाजी, शेंडा खाली असतो हो! सतराच्या सतरा उलटे.

पोरीला सांगावं, तर तीन दिवसांत सतरा विसरून सतरा पाठ करायचे; न सांगावं, तर बापाच्या हातानं नापास. तुम्ही वडीलधारे, मार्ग दाखवा.

तुमचा मेहुणा

ता. क. मार्ग सापडला. कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना? बुधवारी सकाळी सर यायच्या आत उघडा, मी रंगाचे डबे घेऊन येतो. ताईला बोलू नका. पत्र हातोहात पाठवतोय.

ता. ता. क. शेवटी लेकीला सांगितलं. ती हसली. "बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही पलीकडे कान लावून असता, म्हणून घरात तुमच्यासारखं म्हणते. खरं मैत्रिणीकडे पाठ केलंय." मी रंगाचे डबे पिशवीत भरायला घेतले, दाजी.

तरी किल्ली विसरू नका. बाकीच्या पोरांचा मी बाप नाही, ती माझी चूक पोटात घालणार नाहीत.