चेअरमनसाहेबांचं विमान आणि पाणीपाळीची यादी

माकणी, जि. उस्मानाबाद
सोमवार, १६ फेब्रुवारी १९८७

प्रिय बलभीमदादा,

सविनय जय भीम. मामा-मामींना आणि वहिनींनाही सांगावा. बंगलोरला तुम्ही सगळे बरे असाल. इकडे आई बरी आहे, विहीर बरी नाही. कॅसेटसोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं की घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा हा तुमचा प्रोग्रॅम खऱ्याच्या किती जवळ गेलाय आणि त्यात काय सुधारावं, ते भीड न ठेवता कळव. कळवते. आधी फक्त घडलं ते:

१. गुरुवार, १२ फेब्रुवारी, सकाळी अकरा. आमच्या उपसा सिंचन संस्थेच्या कार्यालयात कॉम्प्युटरचं उद्घाटन. हजर सभासद छप्पन्न, खुर्च्या अठरा.
२. ११.२० ला नारळ फोडला. टीव्हीला हार घातला. (हार पडद्यावर लोंबत होता. आकाश झाकलं गेलं. काढू दिला नाही.)
३. ११.३५ ला कॅसेट लावली. प्रोग्रॅम चढेपर्यंत सहा मिनिटं नेहमीचा कर्कश आवाज. दोन सभासद उठून गेले.
४. ११.५२ ला चेअरमन आण्णासाहेबांनी विमान उडवलं.
५. ११.५९ ला विमान पडलं.
६. १२.०५ ला संचालक मंडळाचा ठराव. ज्या यंत्राला स्वतःचं विमान सांभाळता येत नाही, त्याची पाणीपाळीची यादी धरू नये. १ मार्चच्या सभेत चेअरमनसाहेबांच्या हातून विमान नीट उतरलं तर यंत्राची यादी. नाही उतरलं तर सेक्रेटरी शांतलिंग आप्पांच्या हातची.

पाण्याच्या यादीचा आणि विमानाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. नदीच्या डोहात जेवढं पाणी उरलंय, त्यातून चाऱ्यासाठी नऊ दिवस पंप चालवायची परवानगी मिळाली आहे. वीज दिवसाला आठ तास, म्हणजे बहात्तर तास, म्हणजे चार हजार तीनशे वीस मिनिटं. सभासद शहाऐंशी. आप्पा यादी पंपापासून सुरू करतात. पंपाजवळ संचालकांची रानं आहेत (हा योगायोग संस्था स्थापन झाल्यापासून चालू आहे), आणि साठाव्या नावाला पाणी संपतं. सारजाबाईंचं नाव त्र्याऐंशीवं. पाटाच्या अगदी शेपटाला त्यांचं एकरभर चाऱ्याचं कडवळ उभं आहे आणि त्यावर दोन म्हशी जगतात. मागच्या वर्षी तीन होत्या. संस्थेचे हिशेब मी लिहिते, म्हणून तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाचं क्षेत्र आणि पंपापासूनचं अंतर भरलं आणि पाळी शेपटाकडून सुरू केली. सरासरी पन्नास मिनिटं प्रत्येकाला येतात, सारजाबाई चौथ्या येतात, आणि पाणी कुणाच्याही नावापाशी संपत नाही. हे मी पाच वेळा कागदावर पडताळलं. कागदावर पडताळलं हे मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण मग आप्पा म्हणाले असते की कागदच पुरे होता.

मी सभेत एवढी यादीच दाखवणार होते. पण आमचा पंप ऑपरेटर उत्तरेश्वर याने एकदा मला संध्याकाळी विमान उडवताना पाहिलं होतं, आणि उत्तरेश्वरच्या पोटात पंपाचा आवाज सोडून काही राहत नाही. चेअरमनसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, “यादी काय, आप्पाबी काढतो. ते इमान दाखवा आधी.” उद्घाटनाचा मान त्यांचा, त्यामुळे विमान त्यांनीच उडवायचं आणि त्यांनीच उतरवायचं, हेही आपोआप ठरलं. फीत कापायला शिकावं लागत नाही, तसंच हे असेल, असा सर्वांचा समज होता. मी आदल्या दिवशी दहा मिनिटांचा सराव सुचवला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आता तुमचा प्रश्न: खऱ्याच्या किती जवळ. पहिली अडचण जमिनीची. माझ्या टीव्हीवर ती राखाडी दिसते, आणि राखाडी जमिनीला इथं कुणी हरकत घेतली नसती. पण उद्घाटनासाठी चेअरमनसाहेबांच्या घरून रंगीत टीव्ही आला, आणि त्यावर तुमची जमीन हिरवीगार निघाली. दादा, तुम्ही हिरव्याची निवड का केलीत मला समजतं, घरगुती कॉम्प्युटरला रंग मोजकेच असतात. पण समोर चोपन्न माणसं होती ज्यांनी दिवाळीपासून हिरवं काही पाहिलेलं नाही. मग मागून विचारणा झाली की हा कुठला जिल्हा आहे आणि तिथं जनावरं न्यायची सोय आहे का. त्यातच तुमचं ते निळं चौकोनी तळं आलं. तळं कुणाच्या गटात येतं आणि त्यावर किती हॉर्सपॉवरची मोटर आहे, यावर दहा मिनिटं गेली. (विमान तेव्हा धावपट्टीवर इंजिन चालू ठेवून उभं होतं. हे लक्षात ठेवा.) खाली एकही माणूस दिसत नाही, ही तक्रार तीन जणांनी केली. “समदे ऊसतोडीला गेलेत व्हय?” असं एकाने विचारलं, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं की एवढा हिरवा मुलूख असल्यावर कशाला जातील, म्हंजे ह्यात खोट हाय. विमानात किती प्रवासी आहेत हे विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, की एकही नाही. “मंग कुणासाठी चालवायलाव?” या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असल्यास कळवा.

दुसरी अडचण उंचीच्या काट्याची, आणि विमान तिनेच पाडलं. तुमचा काटा फुटांत आहे. सगळ्या जगात विमानाची उंची फुटांत मोजतात, मला माहीत आहे. पण आपल्या जिल्ह्यात गेली दोन वर्षं फूट हे माप फक्त खालच्या दिशेला वापरलं जातं. चेअरमनसाहेबांनी या वर्षी तीन बोअर घेतल्या: दोनशे ऐंशी, तीनशे दहा आणि चारशे फूट, तिन्ही कोरड्या. आकडा वाढला म्हणजे काम पुढं चाललंय आणि कमी झाला म्हणजे मशीनवाला फसवतोय, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. विमान त्यांनी नऊशे फुटांपर्यंत नेलं, तेही खरं तर चांगलंच, आणि वळवून धावपट्टीसमोर आणलं. (वळवलं मी. हात त्यांच्या हातावर नव्हता, कळेवर होता. ठरावात चुकीचं लिहिलंय.) मग उतरायला सुरुवात झाली. आकडा आठशे झाला, सातशे झाला. ते म्हणाले, “फूट कमी व्हायलेत की.” मी म्हटलं, व्हायलाच पाहिजेत, साहेब. त्यांना ते पटलं नाही. फूट कमी होऊ नयेत म्हणून त्यांनी ‘नाक खाली’ची कळ दाबली. (दोन्ही कळांवर मी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. वाचता येण्याचा प्रश्न नव्हता.) फूट आणखी लवकर कमी झाले, म्हणून त्यांनी कळ आणखी जोरात दाबली. हे चक्र तुम्हाला मी समजावून सांगायला नको. मी ‘नाक वर, साहेब’ असं सात वेळा म्हटलं. सातव्यांदा ‘साहेब’ म्हणायचं राहिलं. त्याची नोंद ठरावात आहे.

पडल्यावर तुमचा पडदा लाल होतो, आणि चार सेकंदांत तेच विमान धावपट्टीवर नवं कोरं उभं राहतं. दादा, हे चार सेकंद तुम्ही पुन्हा एकदा विचारात घ्या. पहिल्या दोन सेकंदांत सभासदांनी चपला शोधल्या. तिसऱ्यात आप्पा म्हणाले, “पडलं,” इतक्या समाधानाने की जणू त्यांनीच पाडलंय. आणि नवं विमान आल्यावर म्हणाले, “सरकारी दिसतंय. एक पडलं की लगी दुसरं.” लोक हसले, आणि त्या हसण्यात माझी यादी गेली. कारण आप्पांनी लगेच, चष्मा पुसत, विचारलं की इमान पडलं तर दुसरं मिळालं, पण यादी पडली तर पाणी दुसरं कुठून आणायचं. उत्तर सोपं होतं, की यादी आणि विमान हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी ते दिलं. “यंत्र तर एकच हाय न्हवं?” असं त्यांनी विचारलं आणि यंत्र एकच आहे हे मला मान्य करावं लागलं.

संपूर्ण सभेत कामाचा शेरा एकच आला, आणि तो सारजाबाईंचा. त्या दाराशी उभ्या होत्या, कारण खुर्च्या अठरा. सगळे पांगल्यावर त्या पडद्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाई, एक इचारू? दहा मिन्टं इंजन चालू हुतं, अन् डिझेलचा काटा जागचा हलंना. आमचं इंजन तर हुबं ऱ्हायलं तरी पितंय.” मी घरी येऊन तपासलं. विमान जमिनीवर असताना तुम्ही इंधन कमीच करत नाही. हा दोष मला तीन महिन्यांत दिसला नव्हता, आणि तुमच्या कारखान्यातल्या मित्रांनाही दिसलेला नाही असं समजते. जाताना सारजाबाईंनी विचारलं, “माझा नंबर चवथा हाय म्हनत्यात, ते ऱ्हाईल का?” मी म्हटलं, एक तारखेला कळेल. त्या म्हणाल्या, “एक तारकंपर्यंत कडवळ थांबतंय. पुढं न्हाय थांबत.” एवढंच म्हणून गेल्या.

तेव्हा सुधारणा अशा हव्यात: जमिनीचा रंग निवडता यावा, खाली काही गावं, माणसं आणि धावपट्टीवर एखादं तरी जनावर असावं, वारा असावा (सध्या तुमच्या जगात वाराच नाही, तुम्ही फाल्गुनात इकडे येऊन बघा), वळताना पडदा सेकंदाला दोनदाच बदलतो, तो निदान चारदा बदलावा, तळं कुणाचं ते लिहावं, आणि उभ्या इंजिनानेही इंधन खावं. थोडक्यात, प्रोग्रॅम खऱ्यापासून बराच लांब आहे. राग मानू नये. स्पष्ट कळव असं तुम्हीच लिहिलं होतं.

आई विचारते, उन्हाळ्यात येणार का. येताना पाण्याची सोय बघून या.

तुमची,
मालन

ता.क. वरचा सुधारणांचा परिच्छेद तूर्त बाजूला ठेवा. वाऱ्याची, जनावराची आणि रंगाची घाई नाही. इंधनाचंही मार्चनंतर बघा.

ता.क. २. पडण्याच्या बाबतीत तुमच्या प्रोग्रॅमचा काहीही दोष नाही. गुरुवारनंतर मी स्वतः विमान एकतीस वेळा उतरवलं, एकतीसही वेळा नीट उतरलं. मग चेअरमनसाहेबांनी दाबल्या त्याच कळा त्याच क्रमाने तीन वेळा दाबल्या, आणि तिन्ही वेळा पडलं, जसं कुठलंही खरं विमान पडलं असतं. म्हणजे प्रोग्रॅम हवा तितका खरा आहे. आमची अडचण तीच आहे. चूक कुणाची हे सभेत सांगता येत नाही, आणि सराव तर त्यांना सुचवताही येत नाही.

ता.क. ३. तेव्हा एकच बदल हवा आहे. पाचशे फुटांच्या खाली कुणीही कुठलीही कळ दाबली तरी आवाज यावा, काट्यात थोडी हालचाल दिसावी, परिणाम काही होऊ नये, आणि विमान आपलं आपण उतरावं. प्रोग्रॅम मशीन कोडमध्ये आहे, मला आतून बदलता येत नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. हा खोटेपणा होतो का, याचा मी दोन दिवस विचार केला. विमान मुळात कुठंच नाही. यादीतलं मिनिट न् मिनिट खरं आहे. जे नाही त्याला पाडून जे आहे ते बुडवायचं, यापेक्षा हे मला बरं वाटतं. मामांना सांगू नका, ते पहिल्याच एस्टीत सांगतील. कॅसेट रजिस्टर पोस्टानं, माझ्या घरच्या पत्त्यावर, संस्थेच्या नाही. जमणार असेल तर कॅसेट, जमणार नसेल तर तसं दोन ओळींचं उत्तर, शुक्रवार, २७ फेब्रुवारीपर्यंत माझ्या हातात यावं.