पाहुण्यांसाठी राखलेलं पाणी

वांगणी,
बुधवार, ७ मे २०२५

चि. रूपेश यास आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पहिली आली ती सुकरी. माझी भाकर अजून तव्यावर, नि ही दारात धापा टाकत उभी. मोखाड्याच्या हिराबाई सोमवारी आपल्या योगिताला बघायला येणार म्हणं! मुलगा भावेश शाळेत मास्तर आहे. सुकरीच्या मागं पारू आली, नि पारूच्या मागं सकू. सकूला काही बातमी नको असते, तिला माझ्या डब्यातला गूळ पाहिजे. तुझी बहीण लाजून शेळ्या चारायला म्हणून निघून गेली. शेळ्या दावणीलाच बांधलेल्या!

तू पाठवलेलं चुन्याचं पोतं उमेशच्या जीपनं पोचलं. ओल लागू देऊ नको म्हणाला, म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवलंय. पाहुणे यायच्या आत भिंत पांढरी करायची. पण असले दगड कुणी भिंतीला लावतं का रे? नि एवढा चुना तुम्ही भट्टीवर भाजता तो जातो कुठं? सगळा मुलूख काय तंबाखूच मळत बसलाय?

टँकर चौथ्या दिवशी येतो. पाहुण्यांसाठी एक ड्रम भरून झाकलाय, वर दगड ठेवलाय. शेळीला वाससुद्धा घेऊ देत नाय. पाहुणा पाणी न पिता उठला तर सोयरीक जमत नाय, तुला ठाऊकच आहे.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलं तेवढ्यात एवढं लिहिलं. हसू नको. माया धरून ऱ्हा.

तुझी आजी
गौराबाई


चुनाभट्टी, पालघर,
शनिवार, १० मे

ती. आजीस रूपेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हाती पडलं. योगिताला सांग, मास्तर नवरा रोज पाढे म्हणून घेईल.

तू विचारलंस म्हणून सांगतो. डोंगरातली चुनखडी आम्ही भट्टीत लालभडक भाजतो. आतला वायू उडून जातो. शंभर किलो दगड घातला तर छप्पन्न किलो कळी, म्हणजे न विरवलेला चुना, हाती येते, म्हणून त्याचं ढेकूळ हाताला हलकं लागतं. ती कळी पोलादाच्या कारखान्यात जाते, लोखंडातली घाण ओढून घेते. साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला लागते, कागदाला लागते, कातडं कमवायला लागते. शहरात प्यायचं पाणी साफ करतात तिथंही लागते. भिंतीला लावली की हवेतून तोच वायू परत घेते नि हळूहळू पुन्हा दगड होते.

आता नीट वाच. कळी पाण्याला तहानलेली असते. पाणी मिळालं की तापते, उकळते, फुटते. कधीकधी आधी गप्प बसते नि मग एकदम उसळते. म्हणून कळीवर थोडं पाणी कधीच ओतू नको. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घे, त्यात एकेक कळी लांबून सोड. तोंड लांब ठेव. डोळ्यात गेलाच तर चिकटलेला चुना पटकन पुसून काढ नि पाणी ओत, अर्धा तास ओतत ऱ्हा. तूप नको, तेल नको. हे मी पोत्यातच लिहून घालायला पाहिजे होतं. मी येईपर्यंत पोतं सोडूच नको.

आमची मालाची गाडी नाशिककडं जाते, ड्रायव्हरकडं पत्र देतो. तो मोखाड्याला उमेशला देईल. तुझी माया अशीच माझ्यावर राहू दे.

तुझा
रूपेश


नाशिक, दवाखान्याचा व्हरांडा,
बुधवार, १४ मे

चि. रूपेश यास आजीचा आशीर्वाद, तुला घेववला तर.

तुझं पत्र उमेशनं काल इथं आणून दिलं. दोन दिवस उशीर झाला रे. योगिताच्या डोळ्याचं त्यानं तुला फोनवर सांगितलं. त्याला जे ठाऊक नाय ते लिहिते. फोनवर माझं तोंड उघडलं नसतं.

रविवारी मी घमेल्यात कळ्या ओतल्या नि वर एकच तांब्या पाणी घातलं. जास्त घालायला हात होईना, ड्रम पाहुण्यांचा होता. कळ्या नुसत्या पडून राहिल्या. तुझ्या भावानं दगडच पाठवले असं मी योगिताला हसून म्हटलं. वाकून बघायला तिला मीच सांगितलं. तेवढ्यात घमेलं फसफसलं, एक कळी फुटली, नि तो कढता रेंदा पोरीच्या उजव्या डोळ्यात गेला.

ती पाणी पाणी करत होती नि मी तिचे हात धरून ठेवले. घमेल्यात पाण्यानं उकळी फुटली, डोळ्यात घातलं तर डोळा शिजेल असं वाटलं. पारूनं तूप आणलं, ते मी घातलं. इथवर सगळ्यांना सांगितलंय. पुढचं तुलाच सांगते. माझी नजर ड्रमाकडं गेली होती. हा उघडला तर पाहुण्यांपुढं काय ठेवू, असं मनात आलं. पापणी लवते तेवढाच विचार, पण आला रे.

आणि दारात हिराबाई नि भावेश! सोमवारी जीप लग्नाला जाणार होती म्हणून एक दिवस आधीच निघाले. बाईनं ठाण्याला बांधकामावर चुना कालवलाय, सोबतणीचा डोळा गेलेला डोळ्यांनी बघितलाय. रामराम नाय की काय नाय, मला हिंदीत हटो म्हणत ढकललं. पदरानं तूप नि चुना पुसला, पापण्या फाकवून धरल्या. मास्तर तांब्यामागून तांब्या ओतत होता. ड्रम तळाला गेला तेव्हा थांबले. अंगणात चिखल झाला, नि पाहुण्यांना द्यायला घोटभर पाणी नाय. मग उमेशच्या जीपनं योगिताला इथं आणलं. पाहुणे तसेच कोरड्या तोंडानं परत गेले.

डॉक्टर म्हणतात, ड्रम ओतला म्हणून बघण्यासारखं काही उरलंय. पण उशीर झालाय. दिसेल की नाय ते शुक्रवारी पट्टी सोडल्यावर. मी रोज विचारते, तेच सांगतात. योगिता मला एका शब्दानं दोष देत नाय. भिंत झाली का विचारते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथं नळाला धो धो पाणी आहे. मी सोडते नि बंद करते, सोडते नि बंद करते. आया ओरडते, तरी जाते.

काम टाकून धावू नको. राग धर, पण तुझी माया आटू देऊ नको.

तुझी आजी
गौराबाई

ता. क. हिराबाई काल इथं येऊन बसून गेली. सोयरिकीचं हो म्हणाली नाय, नाय म्हणाली नाय. आपल्या घरचं पाणी प्यायचं राहिलंय, एवढंच म्हणाली. पट्टीत काहीही निघो, शनिवारी वांगणीला येणार आहेत, दोन कॅन पाणी स्वतःच भरून घेऊन.