मेरॉनचा गाईड

११ जानेवारी २०२५, शनिवार
आजपासून आंतरराष्ट्रीय काम सुरू. नॅन्सीनेच जमवलं. पोरगी जर्मनीत युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात आहे. म्हणाली, पप्पा, दर शनिवारी पाचला गणितात पीएचडी करणारी एक मुलगी तुमच्याशी व्हिडिओवर बोलेल, तिच्या ट्रेनिंगचा भाग आहे. म्हणजे ट्रेनर मी. तसं स्पष्ट म्हणाली नाही, पण बापाला कामाला लावताना संकोच वाटणारच.

मुलीचं नाव मेरॉन, इथिओपियाची. हुशार आहे, पाया कच्चा. अर्धा तास दोरी दाखवत होती, ही गाठ आणि ती गाठ एकच का म्हणून. गाठींवर पीएचडी! म्हटलं, आधी पाढे म्हण. खूप हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

१३ जानेवारी
संकल्प: शनिवारपर्यंत गाठींचं गणित संपवायचं. नॅन्सीकडून पुस्तकाची पीडीएफ मागवली.

१७ जानेवारी
चार पानं झाली. केळींना पाणी द्यायचं होतं.

२५ जानेवारी, शनिवार
मेरॉन दर वेळी शेवटी विचारते, सर, काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. गुरूचीच परीक्षा! तिकडची पद्धत असेल. मी विषय बदलून केळीचा लोंगर बांधायची गाठ शिकवली. तिने लिहून घेतली.

९ फेब्रुवारी
चर्चबाहेर शेजारच्या मटिल्डाने विचारलं, शनिवारी तुमच्याकडे पाहुणे येतात का, आवाज येतो. म्हटलं, आंतरराष्ट्रीय आहे. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मेरॉनला औषधांच्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे. मी कडक विरोध केला. म्हटलं, प्रोफेसर हो, पेन्शन मिळते. म्हणाली, सहा ठिकाणी नकार आला. मग विचारलं, आज काय जेवलात? सुरमईचं कालवण म्हटलं. पेज होती.

१ मार्च, शनिवार
नोकरी लागली! इंटरव्ह्यूत गणित न येणाऱ्या माणसाला विषय समजावून सांगायचा होता. म्हणाली, 'सर, समोर तुम्हीच बसलाय असं धरून बोलले.' माझ्या शिकवणीचं फळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. कोर्स संपला. फोन करत जाईन म्हणाली.

५ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळात दरवर्षी मटण सोडतो. यंदा बढाईसुद्धा.

६ मार्च
नॅन्सीच्या युनिव्हर्सिटीतल्या कोऑर्डिनेटर बाईंचा फोन. ब्राझीलचा मुलगा द्यायचाय. मला आधीपासून गणित येतं का विचारलं. म्हटलं, चौतीस वर्षं शिकवलं, एमएस्सी फर्स्ट क्लास. (सेकंड. पण तिकडे कोण बघतंय?) मेरॉनचा विषय पहिल्याच दिवशी समजला, हेही सांगितलं.

बाई म्हणाल्या, काहीतरी घोटाळा झालाय. गणितातलं काही न कळणारी माणसं त्यांना ऐकायला हवी असतात, म्हणजे मुलांना सोपं बोलायची सवय लागते. थोडक्यात, माझं शिक्षण जास्त पडलं.

८ मार्च, शनिवार
पाचला लॅपटॉप उघडून बसलो. साडेपाचला मिटला.

१० मार्च
बाईंना मेल केला. लिहिलं, गाठींचं मला पहिल्या दिवसापासून काडीचंही समजलं नाही. शपथेवर लिहिलं. ब्राझीलच्या मुलाशी बोलू द्या.

१२ मार्च
उत्तर आलं. मनापासून आभार, दुसरे गृहस्थ मिळाले.

१५ मार्च, शनिवार
नॅन्सीचा फोन. ऑफिसात तिला सगळं कळलेलं दिसतंय. बोलली काही नाही, फक्त विचारलं, 'पप्पा, दर शनिवारी पाचला मीच फोन करत जाऊ का?'

म्हटलं, 'शनिवारी माझे विद्यार्थी असतात.'

बरं म्हणाली, ठेवला. मला हो म्हणायचं होतं. लगेच परत लावला. बिझी लागतोय.