लीग बुडाली, कप उरला

प्रिय हसनभाई,

परवा तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळिसावा केला, आणि आज तुमचे मेहुणे युसूफ ट्रंक न्यायला अहमदीतल्या आपल्या खोलीच्या दारात उभे. उद्याच्या बोटीनं मुंबई, तिथून गाव. म्हणून लिहायला बसलो. विचारणार तरी दुसऱ्या कुणाला?

कपडे भरले, रेडिओ भरला, हॉकी स्टिक मावेना ती वरून बांधली. मग युसूफ म्हणाले, "आनि तो कप? बहिनीनं मुद्दाम सांगितलान, दुसरा कायव नको, तो कप तेवढो आण."

आठवतं ना भाई? कागदोपत्री आपण कारकून, पण तेलकंपनीनं इथं आखातात आणलं ते हॉकी लीगसाठीच! तेल ओतून दाबलेल्या वाळूचं मैदान. पडलात की पांढरी पँट काळी. भाभी इथं नाहीत म्हणून वाचलात, असं मी चिडवायचो.

जिंकेल त्यानं कप वर्षभर सांभाळायचा, पुढच्या फायनलला परत आणायचा. मग त्यात बर्फ घालून सरबत, आणि पहिला घोट हरलेल्या कॅप्टनला. ही रीत तुम्हीच पाडलीत. एकदा आपण हरलो तेव्हा तो घोट तुम्ही इतका लांबवलात, की जिंकलेले बिचारे कोरड्या घशानं बघत राहिले!

शेवटची फायनल आपण जिंकलो आणि लीगच बुडाली. खेळाडू पांगले, गोरे साहेब मायदेशी गेले. कप तुमच्या पलंगाखाली राहिला. तापानं फणफणत असताना तुम्ही माझा हात धरलात, "इस्माईल, कप घरी जाता कामा नये. अमानत हाय ती. ज्येची त्येला दे."

कुणाला देऊ, भाई? क्लबात गेलो, तिथं आता सिनेमा दाखवतात. नवा साहेब हसला, "रख लो ना, किसको चाहिए?" हरलेला कॅप्टन डिसूझा शोधून काढला, तर तो म्हणाला, "मैं तो हारा था, मैं कैसे लूँ?" नाव न सांगता गेलात, असं कसं केलंत?

आणि भाभी? त्यांच्या वाट्याला तुम्ही फक्त सुट्टीपुरते. तुमचा खेळ त्यांनी कधी पाहिलाच नाही. त्यांना नाही कसं म्हणायचं असतं, तेही सांगून गेला नाहीत.

मी नाही म्हटलं. युसूफ ट्रंक उचलून निघाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

मागणारा उरला नाही म्हणून वस्तू आपली होते का? तुम्ही नाहीच म्हणाला असता. तर कप माझ्या पलंगाखाली राहील, दर जुम्म्याला मी तो पुसेन. आणि सुट्टीवर गेलो की आधी तुमच्या घरी जाईन, कपाशिवाय. साध्या पेल्यात सरबत करून भाभींच्या हातात देईन आणि सांगेन, पहिला घोट हरलेल्याचा असतो, भाभी. तुम्ही घ्या.

तुमचा गोलकीपर,
इस्माईल