एका श्वासाइतकं थांबून

३ मार्च
आले एकदाची मूंटाला, या जुन्या खाणगावात! ट्रेम्बाथ अंत्यविधीगृहात नोकरी, आणि मागच्या अंगाची खोली राहायला. खिडकीतून जुन्या तांब्याच्या खाणीचं धुराडं दिसतं. समुद्राचा वारा थेट उशीपर्यंत येतो. मालकीण मर्ल माझ्याच वयाची. तिने माझ्यासाठी मटण-बटाटा भरलेली पास्टी गरम करून झाकून ठेवली होती. माझा नवरा डेस गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही झाकून ठेवलं नव्हतं. टॅमसिनला फोन केला. लेक म्हणाली, आई, प्रेतांच्या शेजारी राहणार तू? म्हटलं, जिवंत शेजाऱ्यांनी काय दिवे लावले? ईस्टरला तिच्याकडे ॲडलेडला जायचं कबूल केलंय.

५ मार्च
इथे प्रेत म्हणत नाहीत, पाहुणे म्हणतात. दार वाजवूनच आत जायचं. नावाने हाक मारायची. आजच्या पाहुणीला म्हटलं, डल्सी, केस विंचरते हं तुझे, चालेल ना? मग एका श्वासाइतकं थांबायचं, आणि हात लावायचा. उत्तर येणार नसतं; तेवढं थांबणं म्हणजे मान. मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अलॉयशिअस आठवल्या. दार वाजवून आत जाणं ही निम्मी प्रार्थना, असं त्या म्हणायच्या. मी मात्र फार जोरात वाजवते. मर्ल हसून म्हणाली, अगं बाई, पोस्टमन आहेस का तू? उठून बसेल ना ती!

११ मार्च
उन्हाने चक्कर आली. पाहुण्यांची एक खोली रिकामी होती. गार वाटलं म्हणून तिथेच आडवी झाले. दारावर हलकी टकटक. मर्लने पांघरूण घातलं, विचारलं, नोरीन, केस विंचरू का तुझे? मी डोळे मिटूनच राहिले. इतक्या मायेने केसांना कुणाचा हात लागून किती काळ लोटला होता!

१२ मार्च
अजून इथेच झोपून आहे. वही-पेन खिशात होतं म्हणून बरं. मर्लने विचारलं, बरी आहेस ना गं? हो म्हणेपर्यंत ती पडदा सारून गेलीसुद्धा. वय झालं तिचं. ऐकू कमी येत असेल.

१४ मार्च
आज तिने माझी नखं कापली. मी म्हटलं, राहू दे गं मर्ल, मी कापेन. ती थांबली. मग कापली.
चहा कुणीच आणत नाही.

१५ मार्च
दाराला आतून मूठ नाही. पाहुण्यांना आतून मूठ लागत नाही — हे मला ठाऊक होतं. आत कोंडली जाऊ नये म्हणून डल्सीच्या दारात मीच तर पाचर लावायचे.
खूप ठोठावलं. पोस्टमनसारखं. कुणी हसलं नाही.

१६ मार्च
भिंतीपलीकडे मर्ल फोनवर. तोच मऊ आवाज. हो टॅमसिन, अगदी शांत आहे. नाही गं राणी, काही त्रास झाला नाही तिला —
मी ओरडले. टॅमसिन, मी आहे! घसा फाटेस्तोवर. मर्ल बोलतच राहिली.
टॅमसिन येईल. माझी लेक ऐकेल. ती ऐकेलच —

१७ मार्च
आली. टकटक करून. डोळे सुजलेले. म्हणाली, आई, हा निळा झगा आवडायचा ना तुला? घालू?
आवडायचा काय — आवडतो गं! मला घरी ने, पोरी. हात धरला तिचा —
ती थांबली.
मग बटणं लावू लागली. खालून वर, लहानपणी मी तिची लावायचे तशी.

संध्याकाळ
टकटक.
मर्ल. वही दिसली तिला. रागावली असती तर बरं झालं असतं. किती मायेने विचारतेय — नोरीन, हे पेन घेते हं तुझ्या हातातून, चालेल ना?
नाही. नाही म्हणतेय मी. मर्ल, नाही —
थांबली आहे ती. एका श्वासा