तळमजल्याचा पोर्शन

४ जून
सांगलीहून आईचा फोन. दादाकडे वहिनीशी पुन्हा वाजलं. "जिना नसलेलं घर बघ, मी येते तुझ्याकडे." गुडघे पार गेलेत तिचे, आणि मी इकडे तमिळ मुलखात, वेळचेरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लगेच ऑफिसच्याच साइटवर शोध साठवला : फ्लॅट, तळमजला, वेळचेरी. घरभाड्याची साइट, आणि ही सोय माझ्याच हातची. लोकांचे शोध जपून ठेवायचे, नवी जाहिरात आली की सगळ्या शोधांवरून फिरवायची, जुळलं की मेल. आपलं आपल्यालाच कामी येतंय. भारी वाटलं.

२२ जून
मेल नाही. आई : "मिळालं का गं?" गिंडीतल्या ऑफिसात बसून दिवसभर परक्यांना घरं मिळवून देतेय, आणि आपल्या आईला... कोड तपासला. चूक नाही.

१९ जुलै
अजून नाही. "मेल येईल गं, थांब," म्हटलं तर आई म्हणते, "मशीन बघेल, तू कधी बघणार?" चिडले तिच्यावर. गल्ल्या फिरायला हव्या होत्या हे खरंच. पण हा उकाडा, आणि तमिळ धड येत नाही.

८ ऑगस्ट
जेवताना शेजारच्या टेबलावरच्या कार्तिकला सहज सांगितलं. माझा शोध वाचून हसायलाच लागला. "अक्का, घराचा एक भाग भाड्याने देतात ना, त्याला इथे फ्लॅट कोण म्हणतं? पोर्शन!" तो शब्द घालून जुन्या जाहिराती चाळल्या. निघाल्या की! एक तर माझ्या मागच्याच गल्लीत. तळमजला, पुढे अंगण. जुळवणीने बिचारीने सांगितलं तेवढं चोख केलं. फ्लॅटला अपार्टमेंटही चालतं, एवढं मी शिकवलं होतं तिला. पोर्शन मलाच कुठे माहीत! आजूबाजूला सगळे तमिळ, एकाला तरी विचारायचं. मूर्ख मी, मूर्ख.

९ ऑगस्ट
त्या मागच्या गल्लीतल्या घरी गेले. मालकीणबाई तंजावरी मराठी निघाल्या. हेल तमिळ, बोलणं आपलंच. "मराठी माणसं यावीत म्हणून थांबून पाहिलं मी. मग देऊन टाकलं." आईला गप्पांना केवढी सोबत झाली असती! घरी येऊन रडले.

१० ऑगस्ट
आईला सगळं सांगितलं. शब्दाचा घोळ झाला म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या मनात नव्हतं तर सरळ सांगायचंस गं. मला राग नसता आला."

२ सप्टेंबर
पोर्शन घातल्यापासून मेल येतायत. आज एक घर बघितलं, पसंत पडलं. एक पायरीसुद्धा नाही. रस्त्यातूनच फोन लावला. "आई, घर मिळालं! कधी निघतेस?"
"बघते. दादाला विचारून सांगते."
दादाला विचारून! बाबा गेले तेव्हाही कुणाला विचारून काही केलं नव्हतं तिने.
मालकांना सोमवारपर्यंत थांबा म्हटलंय.